कृष्णद्रव्याच्या हेलोत छोटी दीर्घिका उजळते कशी, आणि बहुतेक हेलो अंधारातच का राहतात?

प्रश्न असा आहे: "कृष्णद्रव्य प्रकाश देत नाही, त्याचे तारे बनत नाहीत. मग त्याच्या हेलोमध्ये दीर्घिका कशी तयार होते? आकाशगंगेभोवती असे हजारो छोटे हेलो असायला हवेत असं वाचलं, पण तितक्या दीर्घिका तर दिसत नाहीत. एमएस्सीच्या प्रकल्पात मला बटू दीर्घिकांवर काम करायचं आहे. सुरुवात कुठून करू?"

मी संगणकावर बटू दीर्घिकांची सिम्युलेशन करते, त्यामुळे हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. थोडक्यात उत्तर आधी देते. हेलो, म्हणजे कृष्णद्रव्याचा मोठा फुगीर गोळा, बनणं हे निव्वळ गुरुत्वाकर्षणाचं काम आहे आणि ते ठिकठिकाणी आपोआप होत राहतं. दीर्घिका व्हायची तर त्या हेलोत वायू यावा लागतो, तो थंड व्हावा लागतो आणि पहिले तारे फुटल्यावरही तो आत टिकावा लागतो. मोठ्या हेलोला हे तिन्ही जमतं. छोट्या हेलोची गाडी प्रत्येक टप्प्यावर अडते. शिवाय एक मुदतही असते: विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांत सगळीकडचा वायू तापवला गेला. त्याआधी ज्यांनी पुरेसं वस्तुमान गोळा केलं, त्यांच्यात तारे आहेत. म्हणून छोट्या दीर्घिकेचा विचार करताना तिचा हेलो आज किती मोठा आहे हे नंतर पाहा, तो केव्हा मोठा झाला हे आधी विचारा. पुढचं सगळं याच एका मुद्द्याचा विस्तार आहे.

हेलो

विश्व 3 लाख 80 हजार वर्षांचं होईपर्यंत सामान्य द्रव्य, म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, प्रकाशाशी जखडलेलं होतं. कुठे जरा जास्त द्रव्य जमलं की प्रकाशाचा दाब ते पुन्हा पसरवायचा. तापमान 3 हजार केल्विनपर्यंत उतरलं, अणू बनले आणि प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश आज सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी म्हणून आपल्यापर्यंत येतो आणि त्याच्या तापमानात जागोजागी लाखात एक भाग एवढाच फरक दिसतो. कृष्णद्रव्याला मात्र प्रकाशाचं काहीच सोयरसुतक नसल्यामुळे त्याचं गोळा होणं आधीच सुरू झालेलं होतं. बंधन सुटल्यावर सामान्य वायू त्या तयार खळग्यांकडे ओढला गेला. ही आघाडी मिळाली नसती, तर 13.8 अब्ज वर्षांत आजच्यासारख्या दीर्घिका उभ्या राहिल्या नसत्या.

जिथे द्रव्य सरासरीपेक्षा थोडं जास्त आहे तो भाग प्रसरणात मागे पडतो, थांबतो आणि स्वतःवरच कोसळतो. कोसळताना कृष्णद्रव्य आपली ऊर्जा प्रकाशावाटे बाहेर टाकू शकत नाही. घर्षण अजिबात नसलेला झोपाळा उंचावरून सोडला तर तो पलीकडे तेवढाच वर जाणार आणि परत येणार. कृष्णद्रव्याचे कण तसेच केंद्राच्या आरपार ये-जा करत राहतात. त्यातून जो मोठा, विरळ आणि फुगीर गोळा बनतो तोच हेलो. त्याचा तारा कधीच होत नाही. आधी छोटे हेलो बनतात, मग ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. काही छोटे मोठ्यांच्या पोटात गेल्यावरही शिल्लक राहतात आणि आकाशगंगेच्या उपदीर्घिका त्यांच्यातच वसलेल्या आहेत.

1978 मध्ये सायमन व्हाइट आणि मार्टिन रीस यांनी मांडलं की दीर्घिकेचा सांगाडा कृष्णद्रव्याचा असतो आणि त्यात थंड होऊन मध्याशी जमलेल्या वायूचे तारे होतात. त्यानंतर त्यावर पुष्कळ मजले चढले, पाया तोच आहे.

सगळा खेळ थंड होण्याचा

हेलोत पडणारा वायू एकमेकांवर आदळतो आणि तापतो. किती तापतो हे हेलोच्या गुरुत्वाकर्षणावर ठरतं. आकाशगंगेच्या हेलोत हे तापमान दहा लाख केल्विनच्या घरात जातं. आता एक छोटा हेलो घेऊ. विश्वाचं वय 47 कोटी वर्षं, म्हणजे ताम्रसृती 10 (प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला याचं हे माप; आकडा जितका मोठा, तितका काळ जुना), आणि हेलोचं वस्तुमान दहा कोटी सूर्यांइतकं. त्याची त्रिज्या साधारण 4 हजार प्रकाशवर्षं येते, त्यातला कक्षीय वेग सेकंदाला 18 किलोमीटरच्या आसपास आणि वायूचं तापमान साधारण 10 हजार केल्विन.

हा 10 हजारांचा आकडा लक्षात ठेवा. या तापमानाला इलेक्ट्रॉनची टक्कर हायड्रोजनच्या अणूला उत्तेजित करण्याइतकी जोरकस असते. अणू उत्तेजित होतो, प्रकाश सोडतो आणि ती ऊर्जा हेलोच्या बाहेर निघून जाते. वायू झपाट्याने थंड होत मध्याकडे बसत जातो. तापमान याच्या खाली असलं की टकरीत तेवढा दम नसतो आणि हा मार्ग जवळपास बंद पडतो. हेलो जितका लहान, तितका त्यातला वायू मुळातच कमी तापतो. म्हणून दहा कोटी सूर्यांपेक्षा हलक्या हेलोंमध्ये वायू कोमटच राहतो, ना तो पुरेसा तापतो, ना थंड होतो.

त्यांच्यासाठी एक आडवाट आहे: हायड्रोजनचा रेणू. तेव्हा धूळ नव्हती, त्यामुळे रेणू बनायचे ते वायूत उरलेल्या थोड्याशा मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या मदतीने. प्रमाण अगदी किरकोळ, पण तेवढ्यावरही वायू दोनशे केल्विनपर्यंत उतरतो. विश्वातले पहिले तारे बहुधा असेच, एक लाख ते दहा लाख सूर्यांच्या हेलोंमध्ये, विश्व दहा-वीस कोटी वर्षांचं असताना पेटले. पण हा रेणू नाजूक असतो. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे अतिनील किरणसुद्धा तो तोडतात. म्हणजे शेजारी कुठे तारे पेटले की आपल्या छोट्या हेलोची ही आडवाटही बंद होऊ लागते. त्यात आणखी भर: प्रकाश मोकळा झाला त्या वेळी वायू आणि कृष्णद्रव्य यांच्या वेगांत सेकंदाला साधारण 30 किलोमीटरचा फरक होता, हे 2010 मध्ये त्सेलिआखोविच आणि हिराता यांनी दाखवलं. प्रसरणाबरोबर हा फरक कमी होत गेला, तरी अगदी लहान हेलोंच्या हातून वायू निसटायला तो पुरतो.

पेटल्यावर टिकणं

समजा, आपल्या दहा कोटी सूर्यांच्या हेलोत वायू थंड झाला आणि तारे पेटले. पुढे काय होतं याचा हिशेब कागदावर करता येतो आणि तो प्रत्येकाने एकदा स्वतः करावा, कारण त्यात या विषयाचं मर्म आहे.

विश्वातल्या एकूण द्रव्यात सामान्य द्रव्याचा वाटा सुमारे 16 टक्के. म्हणजे या हेलोच्या वाट्याला वायू आला साधारण 1.6 कोटी सूर्यांइतका, किलोमध्ये 3.2 गुणिले 10 चा 37 वा घात. कक्षीय वेग सेकंदाला 18 हजार मीटर. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग केला की वायूला धरून ठेवणारी ऊर्जा ढोबळमानाने 10 चा 46 वा घात इतके ज्यूल येते. एक सुपरनोव्हा, म्हणजे जड ताऱ्याच्या अखेरीस होणारा स्फोट, वायूला 10 चा 44 वा घात इतके ज्यूल ऊर्जा देतो. भागाकार करा: शंभर. म्हणजे शंभर सुपरनोव्हांची ऊर्जा, कागदावर तरी, हा सगळा वायू हेलोबाहेर फेकायला पुरेशी आहे.

शंभर सूर्यांइतके तारे बनले की त्यांच्यामागे साधारण एक सुपरनोव्हा होतो. म्हणजे दहा हजार सूर्यांइतके तारे बनले की शंभर सुपरनोव्हा झाले. यातली बरीचशी ऊर्जा प्रकाशावाटे वाया जाते. समजा, दहा टक्केच वायूला ढकलण्याच्या कामी आली. तरी एक लाख सूर्यांइतके तारे पुरतात, म्हणजे वायूच्या एक टक्क्याहूनही कमी. तेवढ्यातच ही छोटी दीर्घिका स्वतःचाच वायू उधळून बसते. आकाशगंगेत कक्षीय वेग सेकंदाला 220 किलोमीटरच्या आसपास आहे. वेगाचा वर्ग घ्यायचा असल्यामुळे तिथे दर किलो वायूमागे धरून ठेवणारी ऊर्जा सुमारे दीडशे पट होते आणि तोच स्फोट तिथे फारसं काही बिघडवू शकत नाही. अविशाई डेकेल आणि जोसेफ सिल्क यांनी 1986 मध्ये बटू दीर्घिकांसाठी हाच युक्तिवाद तपशिलात केला होता.

याचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. एक हजार अब्ज सूर्यांच्या, म्हणजे आकाशगंगेएवढ्या हेलोत सामान्य द्रव्यापैकी पाचव्या भागाच्या आसपास द्रव्याचे तारे होतात. दहा अब्ज सूर्यांच्या हेलोत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येतं. त्याखाली गेलं की दोन सारख्या वजनाच्या हेलोंमध्येसुद्धा ताऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वेगळी निघते.

मुदत

आता ती मुदत. पहिल्या दीर्घिकांच्या अतिनील किरणांनी दीर्घिकांच्या मधल्या अवकाशातला सगळा हायड्रोजन पुन्हा आयनित केला, म्हणजे त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे केले. हे पुनर्आयनीभवन विश्व साधारण एक अब्ज वर्षांचं होईतो संपलं. आयनित वायूचं तापमान 10 हजार केल्विनच्या वर असतं आणि त्यातले कण सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगाने धावत असतात. ज्या हेलोचा कक्षीय वेग सेकंदाला वीसेक किलोमीटरच्या खाली आहे, त्याला असा वायू ओढून घेता येत नाही. नवा वायू येणं थांबतं आणि आत असलेला विरळ वायू हळूहळू बाहेर पडतो. मध्यावरचा दाट, थंड वायू मात्र किरणांपासून स्वतःला झाकून घेतो. त्यातून आणखी काही काळ तारे बनत राहतात, म्हणून प्रत्येक छोटी दीर्घिका एका विशिष्ट क्षणी बंद पडली असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका.

पण हिशेब तोच राहतो. दोन हेलो घ्या, आज दोघांचं वस्तुमान सारखंच. एकाने बहुतेक वस्तुमान पहिल्या अब्ज वर्षांत मिळवलं, दुसऱ्याने सावकाश. पहिल्यात तारे कितीतरी जास्त मिळतील. सिम्युलेशनमध्ये हे थेट तपासता येतं: सुरुवातीच्या घनतेत थोडासा फेरफार करून त्याच हेलोला लवकर किंवा उशिरा वाढवायचं, अखेरचं वस्तुमान तेवढंच ठेवायचं आणि ताऱ्यांची बेरीज करायची. मार्टिन रे आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये असं केलं, तेव्हा उशिरा वाढलेल्या हेलोतली दीर्घिका कितीतरी मंद आणि विखुरलेली निघाली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. एरवी दोन हेलोंची तुलना करताना शंभर गोष्टी एकदम बदलतात आणि कारण कोणतं हे कळत नाही. इथे फक्त वाढीची वेळ बदलते.

आकाशात पुरावा काय?

छोट्या दीर्घिकांमध्ये खरोखर इतकं कृष्णद्रव्य आहे, याची पहिली चाहूल 1983 मध्ये लागली. कालेय तारकासमूहात त्याच नावाची, ड्रॅको, एक मंद बटू दीर्घिका आहे. मार्क आरनसन यांनी तिच्यातल्या तीन कार्बन ताऱ्यांचे वेग मोजले. फक्त तीन. पण त्यांच्या वेगांमधला फरक इतका निघाला की दिसणाऱ्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण तो सांभाळू शकत नव्हतं. तीन ताऱ्यांवरून एवढा निष्कर्ष काढणं धाडसाचं होतं. पुढे त्या दीर्घिकेतले शेकडो तारे मोजले गेले आणि निष्कर्ष टिकला.

सर्वांत ठसठशीत उदाहरण मात्र सेग्वे 1 या बटू दीर्घिकेचं. स्लोन सर्वेक्षणाच्या माहितीतून ती 2007 मध्ये सापडली, अंतर साधारण 75 हजार प्रकाशवर्षं. तिचा एकूण प्रकाश जेमतेम 340 सूर्यांइतका. आकाशातले कितीतरी एकेकटे तारे याहून तेजस्वी आहेत. तिच्या ताऱ्यांच्या वेगांची पसरण सेकंदाला 3.7 किलोमीटर मोजली गेली. तिथे निव्वळ तारेच असते, तर ही पसरण अर्ध्या किलोमीटरहूनही कमी आली असती. वेगावरून हिशेब केला की मधल्या भागातच सहा लाख सूर्यांच्या आसपास वस्तुमान निघतं. शिवाय तिच्या काही ताऱ्यांत लोहाचं प्रमाण सूर्याच्या हजाराव्या भागाहून कमी, तर काहींत त्या हजाराव्या भागाच्या कित्येक पट. याचा अर्थ, आधीच्या ताऱ्यांच्या स्फोटातून निघालेलं लोह या दीर्घिकेने थोडं तरी धरून ठेवलं आणि त्यातून पुढचे तारे बनवले. इतक्या कमी ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाला हे जमणारच नाही. त्यामागे हेलोच हवा. गोलाकार तारकागुच्छ आणि छोटी दीर्घिका यांतला फरक करताना आम्ही वेग आणि लोह या दोनच गोष्टींवर भर देतो.

मुदतीचा पुरावा हबल दुर्बिणीने दिला. 2014 मध्ये टॉम ब्राउन आणि सहकाऱ्यांनी शौरी, सिंह, सप्तर्षी, भूतप, अरुंधती केश आणि श्यामशबल या तारकासमूहांतल्या सहा अतिमंद दीर्घिकांमधल्या ताऱ्यांची वयं काढली. सुमारे 80 टक्के तारे विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांतच बनलेले निघाले. सहाही दीर्घिका एकमेकींपासून दूर आहेत, तरीही सगळ्यांचा बहर एकाच काळात आटोपला. एकाच वेळी सगळीकडे लागू पडणारं कारण पुनर्आयनीभवनाशिवाय दुसरं सुचवणं कठीण आहे.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेटिक्युलम 2 ही दीर्घिका 2015 मध्ये सापडली. 2016 मध्ये अलेक्झांडर जी, अ‍ॅना फ्रेबेल आणि सहकाऱ्यांनी तिच्यातल्या नऊ ताऱ्यांचे वर्णपट तपासले, तर सातांमध्ये युरोपियमसारख्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण इतर अतिमंद दीर्घिकांच्या शेकडो पट निघालं. बाकीच्या अशा दीर्घिकांत ही मूलद्रव्यं जवळपास नसतातच. म्हणजे एखादीच दुर्मीळ घटना, बहुधा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, तिथे सुरुवातीलाच घडली आणि तिची राख पुढच्या ताऱ्यांत उतरली. आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकेत अशा हजारो घटनांची सरमिसळ होऊन एकेकीचा माग पुसला जातो. छोट्या हेलोत तो जसाच्या तसा राहतो.

खोडदहून दिसलेली सिंह टी

मुदत चुकली तरी सगळंच संपत नाही, हे सांगणारी दीर्घिका सिंह राशीत आहे: सिंह टी. 2007 मध्ये सापडली, अंतर सुमारे 14 लाख प्रकाशवर्षं. ती आकाशगंगेपासून इतकी दूर आहे की तिचा वायू अजून शाबूत आहे. तिच्यातले तारे मोजकेच, पण खगोलीय हिशेबात अगदी अलीकडेपर्यंत तिथे नवे तारे जन्मत होते.

तिचा वायू नीट पाहिला तो आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने आणि नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क दुर्बिणीने. जीएमआरटी म्हणजे 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची (एनसीआरए) रेडिओ दुर्बीण. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांत हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटरच्या रेषेतून 2.8 लाख सूर्यांइतका वायू मोजला गेला. त्या रेषेचा आकार मला नेहमी विद्यार्थ्यांना दाखवावासा वाटतो. खाली रुंद भाग आणि त्यावर अरुंद शिखर. रुंद भागातल्या वेगांची पसरण सेकंदाला साधारण 7 किलोमीटर, म्हणजे 6 हजार केल्विनचा ऊबदार वायू. अरुंद शिखराची पसरण साधारण 2 किलोमीटर, म्हणजे 500 केल्विनचा थंड वायू, आणि तो बरोबर मध्यावर. तारे जन्मायचे ते याच थंड वायूतून. थंड होऊन मध्याशी बसणारा वायू, ज्याबद्दल आपण वर इतकं बोललो, तो इथे एका आलेखावर सरळ दिसतो.

अशी आणखी एक दीर्घिका, सिंह पी, सुमारे 53 लाख प्रकाशवर्षांवर आहे. जेम्स वेब दुर्बिणीने तिच्या ताऱ्यांची वयं पाहिली तेव्हा दिसलं की सुरुवातीला तारे बनले, मग काही अब्ज वर्षांची विश्रांती आणि नंतर पुन्हा सुरुवात. अतिनील पार्श्वभूमी पुढे मंदावत गेली, दरम्यान हेलो वाढत राहिला आणि काहींना पुन्हा वायू धरता आला. आज हा उंबरठा साधारण पाच अब्ज सूर्यांच्या हेलोपाशी असावा असं सिम्युलेशन सांगतात. आकाशगंगेच्या जवळ आलेल्यांना ही दुसरी संधी मिळत नाही. तिच्या हेलोतला तप्त वायू त्यांचा वायू खरवडून काढतो. म्हणून साधारण नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आत, मॅगेलानिक मेघ या दोन मोठ्या उपदीर्घिकांसारखे अपवाद सोडले, तर वायू असलेली उपदीर्घिका मिळत नाही.

जीएमआरटीचा विषय निघालाच आहे तर एक जुना वादही सांगते. 1990 च्या दशकात नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांनी दाखवलं की निव्वळ कृष्णद्रव्याच्या सिम्युलेशनमध्ये हेलोची घनता केंद्राकडे चढत जाऊन टोकदार होते. प्रत्यक्षात अनेक बटू दीर्घिकांत ती मध्यावर सपाट दिसते. पुण्याहून आयेशा बेगम आणि जयराम चेंगलूर यांनी 2003 मध्ये कॅमेलोपार्डालिस बी या अतिशय मंद दीर्घिकेच्या वायूचं फिरणं मोजलं. फिरण्याचा वेगही सेकंदाला 7 किलोमीटर आणि वायूच्या अंगच्या विस्कळीत हालचालीचा वेगही तेवढाच. इतकं हळू फिरणं मोजणं हेच मोठं कसब होतं. त्यांनाही सपाट केंद्रच जास्त जुळलं. माझा कौल यात सुपरनोव्हांच्या बाजूने आहे. वायू पुन्हा पुन्हा झटक्यात बाहेर फेकला जातो आणि परत येतो, त्या हिसक्यांनी कृष्णद्रव्याचे कण बाहेरच्या कक्षांत सरकतात. पाँट्झेन आणि गव्हर्नाटो यांनी 2012 मध्ये याचं गणित स्वच्छ मांडलं. याची खरी कसोटी अतिमंद दीर्घिकांत लागेल. तिथे सुपरनोव्हाच इतके कमी की केंद्र टोकदारच राहायला हवं. तिथेही ते सपाट निघालं, तर कृष्णद्रव्याच्या स्वभावाबद्दलच नव्याने विचार करावा लागेल.

मग बाकीचे हेलो कुठे आहेत?

1999 मध्ये क्लिपिन आणि सहकारी, तसंच मूर आणि सहकारी, यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की आकाशगंगेभोवती शेकडो छोटे हेलो असायला हवेत. तेव्हा माहीत होत्या अकराच्या आसपास उपदीर्घिका. यातून कृष्णद्रव्याचा सिद्धांतच चुकीचा आहे असा सूर निघाला होता. आज साठच्या आसपास उपदीर्घिका माहीत आहेत. सर्वेक्षणं आकाशाच्या काही भागापुरती आणि ठरावीक तेजापर्यंतच पोचली आहेत, हे हिशेबात घेतलं आणि वर सांगितलेली मुदत लावली, की आकडे जुळतात. त्यामुळे हा प्रश्न अजून उभाच आहे असं कुठे लिहिलेलं आढळलं तर ते जुनं समजा. उलट आता या मोजणीवरून कृष्णद्रव्यावरच अटी घालता येतात. कण हलके आणि वेगवान असतील तर छोटे हेलो बनतच नाहीत. 2021 मध्ये डार्क एनर्जी सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणातल्या उपदीर्घिकांवरून असं ठरलं की ऊबदार कृष्णद्रव्याचा कण असेल, तर तो 6.5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) हलका असू शकत नाही.

एकही तारा नसलेले हेलो शोधायला गुरुत्वीय भिंगाचा उपयोग होतो. दूरच्या दीर्घिकेची प्रतिमा कंकणासारखी ताणली जाते आणि त्या कंकणात वाटेतला छोटा हेलो एक खाच पाडतो. सिमोना व्हेगेटी आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अशा खाचेवरून 19 कोटी सूर्यांच्या आसपासचा एक गोळा टिपला. दुसरा मार्ग, तारे नसलेला पण थोडा वायू राखलेला हेलो शोधणं. चीनच्या फास्ट दुर्बिणीला एम 94 या दीर्घिकेजवळ सापडलेला क्लाउड-9 हा ढग असा वाटतो. हबलने तिथे तारे शोधले आणि मिळाले नाहीत.

तुमच्या प्रकल्पासाठी

वायू, तारे आणि स्फोट असलेलं पूर्ण सिम्युलेशन एमएस्सीच्या प्रकल्पात सुरू करू नका. संगणकाचा वेळ त्यात जाईल आणि शेवटी कोणत्या कारणाने काय झालं हे सांगता येणार नाही. आधी निव्वळ कृष्णद्रव्याचं करा. सुरुवातीची अवस्था बनवायला म्युझिक, चालवायला गॅजेट-4, हेलो शोधायला रॉकस्टार, हे तिन्ही मोफत मिळतात. वीस-तीस कणांच्या पुंजक्याला हेलो म्हणू नका. नुसती गणना करायची तरी काही शे कण हवेत आणि आतली घनता बोलायची असेल तर हजारोंनी. मोठ्या हेलोच्या आत शिरलेले छोटे हेलो कणांची संख्या अपुरी असली की खोटेच विरघळतात, हे व्हॅन डेन बॉश आणि ओगिया यांनी 2018 मध्ये दाखवून दिलं आहे. त्यामुळे आकाशगंगेच्या आतल्या भागात हेलो दिसले नाहीत तर आधी आपल्या सिम्युलेशनवर संशय घ्या.

मग प्रत्येक हेलोच्या वाढीचा इतिहास काढा आणि त्यावर साधं गणिती प्रारूप चालवा: वायू किती आला, किती थंड झाला, किती उडाला. क्रावत्सोव्ह आणि मनवाडकर यांचं ग्रम्पी यासाठीच केलेलं आहे आणि ते लॅपटॉपवर चालतं. त्यात पुनर्आयनीभवनाची ताम्रसृती एकदा 6 ठेवा, एकदा 9, आणि दहा हजार सूर्यांपेक्षा कमी ताऱ्यांच्या दीर्घिकांची संख्या दोन्हींत मोजा. नंतर तेच हेलो, ताम्रसृती 6 ला कोणाकडे किती वस्तुमान होतं त्या क्रमाने लावा, आणि पुन्हा आजच्या वस्तुमानाच्या क्रमाने लावा. ताऱ्यांच्या संख्येशी कोणता क्रम जास्त जुळतो हा तुमच्या प्रबंधाचा पहिला आलेख करा. पूर्ण सिम्युलेशन करायचंच ठरलं, तर कोणते दोन-तीन हेलो निवडायचे हे त्या आलेखावरून ठरवता येईल.